माळ्यावरचा जुना सर्व्हर बदलताना

"आयर्विनला किती झालं?" पावसाळ्यात सांगलीत फोन उचलला की पहिला प्रश्न हाच असतो, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आलं. या प्रश्नाला कंटाळून आमच्या अण्णांनी मला इंटरनेटवर एक पान बनवायला लावलं. सकाळ-संध्याकाळ ते पुलाच्या पातळीचा आकडा टाकायचे आणि हरिपूरपासून पुण्यापर्यंतचे नातेवाईक तो बघायचे. पान होतं आमच्या गावभागातल्या घरी, माळ्यावरच्या सर्व्हरवर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. इशारा पातळी ४०, धोका पातळी ४५. घराचा खालचा मजला पाण्यात, भागातली वीज बंद. ज्या दिवसांत त्या पानाची खरी गरज होती, नेमकं तेव्हाच ते उघडेना.

पाणी उतरल्यावर मशीन मुकाट्याने चालू झालं आणि मीही विषय सोडून दिला. चालतंय ना, मग कशाला हात लावा. असं करत आणखी सहा पावसाळे काढले. शेवटी गेल्या दिवाळीनंतर ते बदललं. कुणाच्या घरी असंच एखादं जुनं मशीन घरघरत असेल आणि लिनक्सची तोंडओळख असेल, तर हे उपयोगी पडेल. कमांड अक्षरशः देत नाही, त्या मॅन्युअलमध्ये सापडतात. पाय कुठे घसरतो तेवढं सांगतो.

मशीन म्हातारं झालंय हे कशावरून?

आमचं मशीन कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती डिस्क. त्यावर डेबियन ८ ही लिनक्स प्रणाली. ही आवृत्ती २०१५ ची, तिची वाढीव सुरक्षा दुरुस्तीही जून २०२० मध्ये संपली. सोबतचं पीएचपी ५.६ (पानं ज्या भाषेत लिहिली होती ती) तर २०१८ अखेरीसच निवृत्त झालं होतं. म्हणजे पाच वर्षं दार उघडं टाकून झोपलो होतो.

हार्डवेअरचं दुखणं वेगळं तपासायचं. 'स्मार्टसीटीएल'ने डिस्कचा अहवाल काढा. त्यात फक्त दोन ओळी बघा: 'रीअलोकेटेड सेक्टर' (खराब झाले म्हणून बदललेले तुकडे) आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' (नीट वाचता न येणारे तुकडे). पहिला आकडा शून्याच्या वर असून वाढत असेल तर घाई करा. दुसरा शून्याच्या वर असेल तर बाकी सगळं थांबवून आधी 'डीडीरेस्क्यू'ने अख्ख्या डिस्कची प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि पुढचं काम त्या प्रतिमेवरून करा. मदरबोर्डवरचे कपॅसिटर वरून फुगलेत का, तेही बघा.

एक गंमत. आमच्याकडे वीज गेली की परत आल्यावर संकेतस्थळांची सगळी सुरक्षा-प्रमाणपत्रं 'अवैध' व्हायची. मी आठवडाभर कॉन्फिगरेशन उपसत बसलो. दोष निघाला आतल्या नाणं-सेलचा, सीआर२०३२. तो मेलेला, त्यामुळे वीज गेली की घड्याळ कित्येक वर्षं मागे जायचं आणि आजचं प्रमाणपत्र त्याला भविष्यातलं वाटायचं.

आधी वही, मग पेचकस

हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. सर्व्हर काय काय करतो याची यादी आठवणीतून करू नका, मशीनलाच विचारा. कोणती पोर्ट ऐकत आहेत ते 'एसएस' सांगतं. प्रत्येक वापरकर्त्याचा क्रॉनटॅब (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) उघडा, रूटचा विसरू नका. वेब सर्व्हरच्या नोंदींतून गेल्या तीन महिन्यांत कोणती पानं खरोखर उघडली गेली ते काढा. 'ईटीसी' हे कॉन्फिगरेशनचं फोल्डर अख्खंच्या अख्खं बाजूला कॉपी करून ठेवा, पुढे दहादा लागेल.

माझ्या वहीत तेवीस गोष्टी निघाल्या. वापरात होत्या सहा. कधीकाळी हौसेनं टाकलेला चॅट सर्व्हर, दोन अर्धवट विकी आणि मामेभावाच्या लग्नाचं संकेतस्थळ (त्याची मुलगी आता तिसरीत आहे) असलं सगळं तसंच पडून होतं. घर बदलताना अडगळही टेम्पोत भरतात काही लोक. तसं करू नका. मेलेल्या गोष्टींची एक गाठोडी-फाइल बांधून डिस्कवर ठेवा आणि पुढे चला.

उरलेल्या सहांपुढे मी एक रकाना आखला: 'घरची वीज चार दिवस गेली तर चालेल का?' फोटो, हळदीच्या व्यवहाराच्या जुन्या वह्यांची स्कॅन, भावंडांची फाइल-शेअर, याला चालतं. पुलाच्या पानाला चालत नाही. म्हणून ते पान घरातून बाहेर काढून एका छोट्या भाड्याच्या व्हीपीएसवर (होस्टिंग कंपनीकडच्या आभासी सर्व्हरवर) नेलं, आकडा भरायच्या फॉर्मसकट. फक्त पान बाहेर आणि फॉर्म घरात ठेवला असता तर पुरात अण्णांना आकडाच भरता आला नसता. घरच्या सर्व्हरचा मला अभिमान आहे, पण पुराची बातमी पुराच्या पाण्यातल्या मशीनवर ठेवणं हा शहाणपणा नव्हे.

ईमेलही घरून चालवायचा विचार असेल तर सोडा. घरगुती जोडण्यांवर पोर्ट २५ बहुधा बंद असतं, उलट डीएनएस नोंद (आयपी पत्त्यावरून नाव सांगणारी) मिळत नाही आणि तुमची पत्रं समोरच्याच्या स्पॅममध्ये जातात.

नवं मशीन

फार खल करू नका. तीन रस्ते आहेत. इंटेल एन१०० चा मिनी पीसी: चार कोअर, प्रोसेसरची रेटिंग ६ वॅट, अधिकृत रॅम १६ जीबीपर्यंत, घरच्या कामाला पुरून उरतो. रास्पबेरी पाय ५: छान आहे, पण त्याला ५ व्होल्ट ५ अँपिअरचा खास पुरवठा द्या आणि एसडी कार्डावर सर्व्हर चालवू नका, कार्ड सततच्या लिखाणाने झिजतं, एसएसडी लावा. तिसरा रस्ता म्हणजे कंपन्यांतून निघालेले वापरलेले छोटे डेस्कटॉप. मी पहिला घेतला, कारण जुने एक्स८६ प्रोग्रॅम तसेच चालतात आणि आत एनव्हीएमई ही वेगवान एसएसडी बसते.

विजेचा हिशेब मात्र जरूर करा. सॉकेटमध्ये लावायच्या मीटरवर जुनं मशीन ७८ वॅट दाखवायचं, म्हणजे महिन्याला सुमारे ५६ युनिट. नवं ९ वॅट, म्हणजे साडेसहा युनिट. ही पन्नासएक युनिटं बिलाच्या वरच्या टप्प्यातून कमी होतात, १०० युनिटांच्या पुढचा दर चढा असतो. उन्हाळ्यात कूलर चालू असताना हा फरक चांगलाच कळतो.

डिस्क नवीच घ्या. जुनी 'अजून चांगली आहे' म्हणून नव्यात बसवायचा मोह होतो. ती डिस्क म्हणजे तुमची परतीची वाट आहे, तिला हात लावू नका.

जागेचा प्रश्न सांगलीत वेगळाच. खाली ठेवलं तर महापूर, माळ्यावर ठेवलं तर एप्रिल-मे महिन्यातला पत्रा. आम्ही पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या भिंतीला छातीच्या उंचीवर फळी ठोकली. वारा लागतो, पाणी पोचत नाही.

वीज जाते-येते, त्यामुळे बायोसमध्ये 'वीज परतल्यावर आपोआप सुरू' हा पर्याय पहिल्याच दिवशी लावा. घरच्या इन्व्हर्टरवर अवलंबून राहणार असाल तर बदलाच्या क्षणी मशीन रीस्टार्ट होतं का ते मेन स्विच पाडून बघा. आमच्याकडे व्हायचं, म्हणून यूएसबी असलेला छोटा यूपीएस घेतला आणि 'नेटवर्क यूपीएस टूल्स' बसवलं. बॅटरी संपत आली की मशीन स्वतःहून नीट बंद होतं. राउटरही त्याच यूपीएसवर हवा, नाहीतर सर्व्हर जिवंत आणि रस्ता बंद. अख्खी डिस्क कूटबद्ध करायचा सल्ला सगळीकडे मिळेल. पण मग दर वेळी वीज आल्यावर कुणीतरी उठून पासवर्ड टाकायला हवा. मी फक्त महत्त्वाचं फोल्डर कूटबद्ध केलं.

नवी प्रणाली: जुन्यावर चढवू नका

डेबियन ८ वरून एकेक पायरी चढत ९, १०, ११ असं जाता येतं. मी एकदा प्रयत्न केला, दुसऱ्या पायरीवर पाय मुरगळला. त्यापेक्षा नव्या मशीनवर कोरी प्रणाली घाला आणि जुनं शेजारी चालू राहू द्या. नवं घर बांधून होईपर्यंत आपण जुन्यातच राहतो, तसं.

मी डेबियन १३ घातलं. ते ऑगस्ट २०२५ मध्ये आलं. तीन वर्षं पूर्ण आधार, वर दोन वर्षं दीर्घकालीन, म्हणजे २०३० पर्यंत डोक्याला ताप नाही. खऱ्या ३२ बिटच्या जुन्या मशीनसाठी यात इन्स्टॉलरच नाही, त्यामुळे तसल्या जुन्या मशीनवरच नवी प्रणाली घालायची पळवाटही बंद.

दहा वर्षांत काय काय बदललं, ते ठेच लागूनच कळलं. नेटवर्क कार्डाचं 'ईटीएच शून्य' हे नाव गेलं, आता लांबलचक नावं येतात. जुने फायरवॉल नियम जसेच्या तसे टाकले तर ते अस्तित्वात नसलेल्या दारावर पहारा देत बसतात. तसंही आयपीटेबल्सच्या जागी एनएफटेबल्स आलंय, तर नियम नव्याने लिहा. माझे जुने सव्वाशे होते, नवे अकरा झाले. नोंदी आता मजकुराच्या फाइलीत नसतात, जर्नलमध्ये जातात, त्यामुळे 'फेलटूबॅन' (वारंवार चुकीचा पासवर्ड टाकणाऱ्यांना अडवणारा प्रोग्रॅम) जुन्या कॉन्फिगरेशनवर उठतच नाही. त्याला 'सिस्टिमडी' हा बॅकएंड सांगावा लागतो. 'टेंप' फोल्डर आता रॅममध्ये राहतं, आणि 'व्हार'मधल्या 'टेंप'मधल्या ३० दिवस जुन्या फाइली आपोआप पुसल्या जातात. माझी एक स्क्रिप्ट तिथे महिन्यांचे हिशेब साठवायची. वेळीच लक्षात आलं.

सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप लागाव्यात म्हणून 'अनअटेंडेड-अपग्रेड्स' चालू करा. एसएसएचमध्ये पासवर्डने प्रवेश बंद, फक्त चावीने.

माल हलवणं

पहिलाच अडथळा: नव्या मशीनवरून जुन्यावर एसएसएच होईना. नव्या ओपनएसएसएचने जुन्या पद्धतीच्या आरएसए सह्या २०२१ पासून नाकारल्या आहेत आणि जुन्या मशीनला नव्या पद्धतीची सही समजत नाही. जुनी पद्धत परत चालू करायचे उपाय सापडतात. ते करण्यापेक्षा ईडी२५५१९ प्रकारची नवी चावी बनवा. ती ओपनएसएसएच ६.५ पासून, म्हणजे २०१४ पासून चालते. दोघांचं लगेच जमतं.

फाइली 'आरसिंक'ने आणा. 'आर्काइव्ह', 'हार्ड-लिंक्स' आणि 'न्यूमेरिक-आयडीज' हे तिन्ही पर्याय द्या, म्हणजे मालकी आणि परवानग्या जशाच्या तशा येतात. नव्या मशीनवर स्वतःचा वापरकर्ता बनवताना जुनाच क्रमांक दिलात तर पुढची डोकेदुखी वाचते. स्रोत फोल्डरच्या नावानंतर तिरकी रेघ दिली तर आतला माल जातो, नाही दिली तर फोल्डरसकट जातो. या एका रेघेपायी मी दोनदा फोटोंच्या आत फोटो करून ठेवले. म्हणून प्रत्येक वेळी आधी 'ड्राय-रन', म्हणजे काही न हलवता नुसती रंगीत तालीम. आणि 'डिलीट' हा पर्याय शेवटच्या फेरीपर्यंत विसरा.

फोटोंसाठी माझ्याकडे जुना ओनक्लाउड (स्वतःच्या सर्व्हरवर फाइली ठेवायचा प्रोग्रॅम) होता. त्याचं पुढचं भावंड नेक्स्टक्लाउड एका वेळी एकच मोठी आवृत्ती चढू देतं, उड्या मारता येत नाहीत. दहा वर्षांच्या पायऱ्या चढण्यापेक्षा कोरं नेक्स्टक्लाउड बसवलं, फोटो फोल्डरमध्ये टाकले आणि त्याला फाइली नव्याने मोजायला लावल्या. शेअर केलेल्या जुन्या लिंका गेल्या. कुणीही तक्रार केली नाही.

फाइल-शेअरच्या बाबतीत दुकानातला जुना स्कॅनर अडला. त्याला सांबाची (फाइल-शेअर चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) पहिली बोली, एसएमबी१, एवढीच येते आणि ती २०१९ पासून मुळातच बंद असते. एका स्कॅनरसाठी ती सगळ्यांना उघडू नका. मी स्कॅनरला पेन ड्राइव्हवर लिहायला लावलं.

येन कुठून आले?

आता मराठी माणसाचं खास दुखणं. जुना डेटाबेस मायएसक्यूएल ५.५, नवा मारियाडीबी. डम्प (सगळ्या माहितीची मजकूर-फाइल) काढला, नव्यात भरला, पान उघडलं तर 'सांगली'च्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेलं इंग्रजी ए, शेजारी चलनाचं गोल चिन्ह, मध्येच जपानी येन. हळदीच्या व्यवहारात येन बघून अण्णा म्हणाले, "निर्यात कधी सुरू केली आपण?"

कारण असं. जुने टेबल 'लॅटिन१' (युरोपीय अक्षरांचा जुना संच) समजुतीचे होते. पान यूटीएफ-८ चे (सगळ्या लिप्या मावणाऱ्या पद्धतीचे) बाइट पाठवायचं, डेटाबेस न समजता ते तसेच ठेवायचा आणि तसेच परत द्यायचा. आंधळ्या हमालासारखं, पण माल पोचायचा. नवा डेटाबेस डोळस. तो 'लॅटिन१' वाचून प्रत्येक बाइटचं भाषांतर करतो आणि सगळा विचका होतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं आणि ते तीन तुकडे वेगवेगळी अक्षरं होऊन समोर येतात.

निदान सोपं आहे. 'सांगली' या शब्दात सहा चिन्हं आहेत: स, काना, अनुस्वार, ग, ल, वेलांटी. म्हणजे अठरा बाइट. त्या रकान्यावर 'कॅरेक्टर लेंग्थ' आणि 'लेंग्थ' ही दोन्ही फंक्शनं चालवा. ६ आणि १८ आले तर तब्येत ठीक. १८ आणि १८ आले तर बाइट तसेच कोंबलेले आहेत. १८ आणि त्याहून बरंच जास्त आलं तर विचका आधीच पक्का झालेला आहे.

मधल्या प्रकारावर उपाय: जुन्या मशीनवरून डम्प काढताना मूळ अक्षरसंच 'लॅटिन१' सांगा आणि 'स्किप-सेट-चारसेट' द्या, म्हणजे बाइट न बदलता बाहेर येतात. ती फाइल साध्या संपादकात उघडा. आता मराठी वाचता आलं पाहिजे. मग फाइलीतल्या टेबलांच्या व्याख्येत जिथे 'लॅटिन१' आहे तिथे 'यूटीएफ८एमबी४' करा आणि नव्यात तोच संच सांगून भरा. नुसतं 'यूटीएफ८' लिहू नका, त्या नावाखाली तीन बाइटच मावतात. देवनागरी बसेल, पण नातवाने टाकलेला इमोजी बसणार नाही.

एवढं करूनही काही ओळी 'चुकीची अक्षरमाला' म्हणून अडल्या. पन्नास अक्षरांचा रकाना 'लॅटिन१' मध्ये पन्नास बाइटचा असतो, म्हणजे मराठी सोळा चिन्हं आणि सतराव्याचे दोन तुकडे. लांब नावं अर्ध्या अक्षरावर कापली गेली होती. अशा एकोणीस ओळी मी वह्यांच्या स्कॅनवरून हाताने दुरुस्त केल्या.

पुलाच्या पानाचा कोड तर चालणारच नव्हता: जुनी 'मायएसक्यूएल'ची फंक्शनं पीएचपी ७ मध्येच काढून टाकलीत. पीडीओ (पीएचपीतून डेटाबेसशी बोलायची नवी पद्धत) वापरून एका संध्याकाळी पुन्हा लिहिलं. लिहिताना वाटलं, दिवसातून दोनदा बदलणाऱ्या आकड्याला डेटाबेस सर्व्हर कशाला? एसक्यूलाइट घातलं. एकच फाइल, तिची रोज रात्री घरी प्रत येते.

बाहेरून घरात

दहा वर्षांपूर्वी राउटरवर पोर्ट उघडलं की झालं. आता बऱ्याच जोडण्या सामायिक पत्त्यामागे असतात. राउटरमध्ये बाहेरचा पत्ता बघा. १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, किंवा बाहेरच्या जगाला दिसणाऱ्या पत्त्याशी जुळत नसेल, तर पोर्ट उघडून उपयोग नाही. कायम पत्ता विकत घ्या, आयपीव्ही६ मिळतंय का बघा, किंवा आम्ही केलं तसं करा: व्हीपीएस आणि घर यांच्यात वायरगार्डचा बोगदा, म्हणजे कूटबद्ध खासगी जोडणी (व्हीपीएन). २०२० पासून ते लिनक्स कर्नलमध्येच आहे, कॉन्फिगरेशन पंधरा ओळींचं. घरच्या बाजूला 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' २५ सेकंद ठेवा, नाहीतर थोड्या वेळाने बोगदा मुका होतो. फोटो आणि शेअर या बोगद्यातूनच. उघड्या इंटरनेटवर घरचं काहीच नाही.

बदलीचा दिवस

दिवाळी ते होळी हा काळ निवडा. वळवाच्या विजा सुरू झाल्या की नको. दोन दिवस आधी डीएनएसचा टीटीएल (जुना पत्ता इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायचा तो काळ) ३०० सेकंदांवर आणा. सकाळी घरच्यांना सांगून जुन्यावरचं लिखाण बंद करा, शेवटची आरसिंक फेरी घ्या, डेटाबेस पुन्हा आणा. मग जुन्याची केबल काढा आणि राउटरमध्ये जुना स्थानिक पत्ता नव्याच्या नावे आरक्षित करा. टीव्ही, प्रिंटर, आईचा फोन, कुणालाच काही सांगावं लागत नाही.

तपासणी मोबाईल डेटावरून करा, घरच्या वायफायवरून नाही. कित्येक राउटर आतून बाहेरच्या नावाने परत आत येऊ देत नाहीत आणि आपण उगाच घाबरतो. त्यानंतर प्लग उपटा. हो, खरंच. दोन मिनिटांनी लावा आणि कशालाही हात न लावता सगळं उठतंय का बघा. आमचा बोगदा पहिल्या वेळी उठला नाही, सेवा 'एनेबल' करायची राहिली होती. हे दिवाणखान्यात बसून कळलेलं बरं.

त्याच आठवड्यात बॅकअप. 'रेस्टिक'ने रोज रात्री व्हीपीएसवर, आणि महिन्यातून एकदा एका यूएसबी डिस्कवर. ही डिस्क शहराच्या विश्रामबाग भागात मावशीच्या कपाटात असते. गावभागातल्या एकाच घरात ठेवलेल्या दोन प्रती पुराच्या लेखी एकच प्रत. रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर सगळं गेलं, म्हणून तो कागदावर लिहून मावशीच्याच लॉकरमध्ये ठेवलाय. आणि एखादं जुनं फोल्डर खरोखर परत काढून बघा. मी २०१६ च्या गणपतीचे फोटो काढले, आले.

जुनं मशीन दोन महिने तसंच, बंद करून ठेवलं. तिसऱ्या आठवड्यात अण्णांनी विचारलं, "माझी ती ऊसबिलांची फाइल?" ती कुठल्याच यादीत नव्हती, त्यांच्या डेस्कटॉप फोल्डरात होती. जुनं चालू केलं, पाच मिनिटांत मिळाली.

दोन महिन्यांनंतर डिस्क 'श्रेड'ने एकदा पूर्ण पुसली आणि कुपवाडच्या एका वर्कशॉपमध्ये नेऊन ड्रिलने तीन भोकं पाडून घेतली. लॅपटॉपची छोटी डिस्क असेल तर डोळ्यांवर चष्मा घाला, तिच्यातली तबकडी काचेची असू शकते. बाकीचं मशीन ई-कचरा घेणाऱ्याला दिलं. कॅबिनेट तेवढं अण्णांनी ठेवून घेतलं, त्यात आता हळदीच्या नमुन्यांच्या पुड्या असतात.